टोमॅटोची पुडी आणि कांद्याचे डेंगळे

(बिबवेवाडी, पुणे येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



सकाळी आपल्यापुढे एक ठराव आला. सगळ्या बियाण्यांचे भाव सरकारने बांधून द्यावेत आणि खाली आणावेत, असा. मांडणारे आपलेच भाऊ आहेत आणि त्यांच्या खिशाला बसलेली झळ खोटी नाही. दहा ग्रॅमच्या पुडीला शेकड्यांनी रुपये मोजताना माझाही हात अडखळतो. मी ठरावाच्या विरोधात बोलायला उभा आहे असे समजू नका. पण हात वर करण्याआधी अर्धा तास माझे ऐका, मग काय ते ठरवा.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने मला गाठले. इथे वर, अप्पर इंदिरानगरला, इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे. तिथे शिकतो. मूळचा जुन्नरकडचा, बाप टोमॅटो आणि कांदा करतो. तो मला म्हणाला, "काका, एखादी कंपनी शंभर रुपयांच्या विक्रीतले दोन रुपये संशोधनावर घालते, दुसरी पंधरा घालते, तिसरी काहीच घालत नाही. हे ठरवते कोण?" मी म्हटले, पोरा, ह्या प्रश्नाचे उत्तर तुझ्या बापाच्या घरातच आहे. तो हसला. त्याला वाटले मी टाळतो आहे. म्हणून आता सगळ्यांच्या समोर सांगतो.

त्याच्या बापाच्या घरात दोन पिकांचे बी आहे. टोमॅटोचे बी दुकानातून येते, चकचकीत पुडीत. दरवर्षी नवे नाव. हा वाण विषाणूला दाद देत नाही, तो वाण लांबच्या वाहतुकीला टिकतो. नारायणगावच्या बाजारात उभे राहिलात तर कळते की दहा वर्षांपूर्वीचा टोमॅटो आज कुणी लावत नाही. एवढ्या कंपन्या ह्या एका फळाच्या मागे लागल्या आहेत. आणि कांद्याचे बी? ते माळ्यावरच्या डब्यात आहे. निवडलेले चांगले कांदे थंडीच्या सुरुवातीला पुन्हा लावायचे, डेंगळे येऊ द्यायचे, गोंडे वाळले की झोडपून बी काढायचे. नाशिककडे त्याला उळे म्हणतात. आजोबांनी असेच केले, आपणही असेच करतो. फार झाले तर राजगुरुनगरच्या सरकारी केंद्राचे भीमा शक्ती नाहीतर भीमा किरण आणायचे, किंवा निफाड-पिंपळगावकडच्या सरकारी संशोधनातून आलेले ते जुने एन-२-४-१ आणायचे, आणि पुढे घरचेच बी धरायचे.

आता सांगा, देशाला कांदा कमी लागतो का? कांद्याने सरकारे हलतात. चाळीत कांदा सडतो, त्यात दरवर्षी किती जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. सहा महिने न सडणारा, मोड न येणारा कांदा काढला तर केवढा फायदा होईल. तरी खाजगी कंपन्यांचा जोर टोमॅटोवर, आणि कांद्यावर त्या मानाने फारच थोडा. गरज मोठी म्हणून खर्च मोठा, असा हिशेब असता तर उलटे दिसायला हवे होते.

आपण विहीर खणायला काढतो तेव्हा काय बघतो? पाणी लागेल का, हे पहिले. लागले तर ते माझ्या रानात राहील की खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपेल, हे दुसरे. भिजवायला माझ्याकडे रान किती, हे तिसरे. आणि विहीर बांधून झाली की तलाठी येऊन म्हणणार तर नाही ना, की आता हे पाणी गावाला फुकट द्या? कंपनीच्या संशोधनाचे अगदी हेच आहे. खर्च आज करायचा, पाणी लागले तर आठ-दहा वर्षांनी लागणार. म्हणून ती चारही गोष्टींचा हिशेब मांडते. ह्यात देशप्रेम नाही आणि देशद्रोहही नाही. जगातल्या मोठ्या औषध कंपन्या विक्रीच्या शंभर रुपयांतले पंधरा-वीस संशोधनात घालतात आणि सिमेंटवाले रुपयासुद्धा घालत नाहीत, त्याचे कारण औषधवाल्यांचे मन मोठे हे नव्हे. औषधात नवे काही सापडण्याजोगे असते, आणि सापडले की पेटंटचे कुलूप लागते. सिमेंटच्या पोत्याला असले कुलूप कुठून लावणार?

ह्या कुलपाची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण बियाण्याचा सगळा इतिहास ह्या एका वस्तूभोवती फिरतो.

साधे सुधारित वाण, म्हणजे गहू, हरभरा, सोयाबीन, हे एकदा शेतात आले की शेतकऱ्याचे. पुढच्या वर्षी घरचे बी पेरले तरी तेच पीक येते. विकणारा एकदाच विकतो, मग गावभर ते फुकट फिरते. संकरित बियाण्याचे तसे नाही. दोन वेगळे नर-मादी वाण एकत्र आणून पहिल्या पिढीचे बी तयार होते, त्याला जोर असतो. त्याचे बी धरून पुन्हा पेरले की कुणी उंच, कुणी बुटके, जोर गेलेला. म्हणजे कुलूप कायद्याने लावलेले नाही, बियाण्याच्या पोटातच आहे. किल्ली म्हणजे ते दोन मूळ वाण, ते कंपनीच्या कपाटात. अमेरिकेत हेन्री वॉलेस यांनी १९२६ साली संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली ती ह्या जोरावर. आपल्याकडे १९६४ साली ज्वारीचा पहिला संकर सी.एस.एच.-१ आला, १९६५ साली बाजरीचा एच.बी.-१, आणि १९७० साली सुरतेच्या सरकारी केंद्रात सी. टी. पटेल यांनी कापसाचा एच-४ काढला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला कापसाचा तो जगातला पहिला संकर. ध्यानात घ्या, हे सगळे पहिले काम सरकारी पैशाने झाले. कंपन्या त्यानंतर आल्या. जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली तीसुद्धा १९६४ सालचीच. त्यांना पुढे १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकर निघतो हे दिसले, कुलूप लागते हे दिसले, तेव्हा खाजगी पैसा आत आला.

आणि जिथे कुलूप नाही तिथे काय झाले? सोयाबीन बघा. १९९४ साली जबलपूरच्या विद्यापीठाने जे.एस. ३३५ दिले आणि कितीतरी वर्षे महाराष्ट्राचे सोयाबीन त्याच एका वाणावर चालले. त्यानंतरचे चांगले वाण आले तेही सरकारी किंवा सार्वजनिक संस्थांचे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचे फुले संगम, इथल्या आघारकर संस्थेचे एम.ए.सी.एस.चे वाण. कंपन्या सोयाबीनचे बी विकतात, पिशव्या भरतात, पण नवा वाण शोधायला पैसा घालायला त्यांचे मन होत नाही. दोष त्यांना देऊ नका. तुम्ही तरी अशी विहीर खणाल का?

कांद्याला कुलूप लागू शकते. कॅलिफोर्नियात जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाला १९२५ साली नरवंध्य कांद्याचे झाड सापडले आणि त्यावरून परदेशात संकरित कांदा उभा राहिला. आपल्याकडेही बंगळूरच्या सरकारी संस्थेने अर्का कीर्तिमान, अर्का लालिमा असे संकर काढले. म्हणजे पाणी आहे. पण आपला शेतकरी घरचे बी धरतो, त्याला पुडीची सवय नाही, आणि कांद्याच्या बाजाराचा भरवसा कुणालाच नाही. त्या भरवशाकडे मी परत येतो.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, कंपनीला भलेमोठे कुलूप द्यावे आणि ती संशोधन करत बसेल? नाही बसणार. ह्या पुण्यातलेच उदाहरण आहे. इथे पांढरी टोपी घातलेले जे वडीलधारे बसले आहेत त्यांना चेतक स्कूटरचा नंबर आठवत असेल. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. मुलाच्या जन्माला नंबर लावला तर लग्नात स्कूटर मिळेल, असा विनोद होता. कंपनीने किती गाड्या काढायच्या हे दिल्लीचे लायसेन्स ठरवणार, परदेशी गाडीला दार बंद. गिऱ्हाईक रांगेत उभे. अशा वेळी नवी गाडी शोधायला कोण पैसा घालील? स्कूटर एका बाजूला कलती करून किक मारायची, हे आपण सगळ्यांनी केले आहे. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याच्या मोटारसायकली आल्या, १९९१ नंतर दारे उघडली, गिऱ्हाईक स्कूटरवरून मोटारसायकलकडे वळले आणि आकुर्डीच्या त्याच कारखान्याला घाम फुटला. त्या घामातून २००१ साली पल्सर आली. माणसे तीच, गाव तेच. आधी कुलूप सरकारने फुकट लावून दिले होते, म्हणून कुणी काही शोधले नाही. नंतर शेजारी धावायला लागला, म्हणून शोधावे लागले.

म्हणजे कुलूप अगदीच नसेल तर खर्च होत नाही, आणि कुलूप असून शेजारी कुणी नसेल तरीही होत नाही. मधल्या कुठल्यातरी जागी तो होतो.

कापूस आपल्या जिल्ह्यात फारसा नाही. पण वऱ्हाड-मराठवाड्यातल्या भावांनी ह्या प्रश्नाची किंमत मोजली आहे, म्हणून ती गोष्ट सांगतो.

२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. महिकोचे तीन संकर होते. जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे. साडेचारशे ग्रॅमची पुडी सोळाशे-अठराशे रुपयांना, आणि त्यातले साडेबाराशेच्या आसपास एकट्या जनुकाचे. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि पुडी साडेसातशेवर आली. त्याच वर्षी बोलगार्ड-२ आले. पुढच्या काही वर्षांत बीटीचे रान वाढत वाढत कापसाच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेले. भाव निम्म्याहून खाली आला तरी कंपनी पळाली नाही, कारण पुड्यांची संख्या कितीतरी पटीने वाढली. म्हणून भाव उतरवला की संशोधन लगेच मरते, असे जर कुणी कंपनीवाला तुम्हाला सांगत असेल तर त्याला २००६ ची आठवण द्या.

पुढचे मात्र ऐका. २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. तोवर सगळे रान भरून झाले होते, पुड्या वाढायला जागा उरली नव्हती. जनुकाचे पैसे पुडीमागे दीडशेच्या वर होते ते २०१६ साली ४९ रुपये झाले, २०१८ साली ३९, २०१९ साली २० आणि २०२० साली शून्य. शिवाय हे तंत्र मागेल त्याला द्यावेच लागेल, असा नियम सरकार करू पाहत होते. २०१६ च्या मध्यात महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या नव्या बीटी कापसाचा परवानगीचा अर्जच मागे घेतला. त्या वेळी आपल्यातल्या पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, मीही वाजवल्या. ८०० रुपयांची पुडी दिसत होती. न आलेले बियाणे कुणाला दिसते?

२०१७ साली बोंडे फोडली तर आत गुलाबी अळी. बोलगार्ड-२ ला ती पचवून बसली होती. नवे काही हातात नव्हते. आणि जे तणनाशकाचे बियाणे दुकानात येणार नव्हते ते चोरवाटेने आलेच. बिल नाही, नाव नाही, उगवण झाली नाही तर तक्रार कुणाकडे करणार? कायदेशीर पुडीपेक्षा जास्त पैसे मोजून शेतकऱ्याने ते घेतले. कायद्याने भाव बांधलेली पुडी २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयांची होती, पण तिच्यात २००६ सालचेच तंत्र होते.

सगळा दोष भाव बांधण्याचा, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि हे नीट समजून घ्या. कापूस पिकवणाऱ्या इतर देशांत बहुतेक साधे वाण लावतात, संकर नाही. तिथे बीटी जनुक साध्या वाणात घातले. आपल्याकडे कंपन्यांनी ते फक्त संकरात घातले. का? साध्या वाणाला कुलूप नाही. आपला २००१ चा वाणहक्काचा कायदा शेतकऱ्याला बी धरण्याचा, वाटण्याचा, छाप न लावता विकण्याचा हक्क देतो. तो हक्क चांगला आहे, मी तो सोडायला तयार नाही. पण त्यामुळे कंपनीला पोटातले कुलूप हवे होते, आणि ते संकरातच मिळते. मग महाग बी म्हणून झाडे विरळ लावायची, पीक लांबत जायचे, शेवटच्या वेचण्या होईतो अळीला सहा-सात महिने घर मिळायचे. कोरडवाहू रानाला दाट लावायचे, लवकर निघणारे साधे वाण बरे पडले असते. नागपूरच्या कापूस संस्थेने आणि धारवाडच्या विद्यापीठाने बीटी बिकानेरी नरमा म्हणून असे एक साधे वाण २००८ साली आणले, पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक सापडले आणि ते मागे घ्यावे लागले. सरकारी हातानेही तो मार्ग बुडवला. चाळीसच्या वर कंपन्या एकच जनुक विकत घेऊन आपापल्या संकरात घालत बसल्या. हजारभर नावे आणि आत माल एकच.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नात मी एक भर घालतो. कंपनी किती खर्च करते एवढेच विचारू नको, कोणत्या बाजूला करते तेही विचार. औषधांचेही असेच झाले. १९७० च्या पेटंट कायद्यात आपल्याकडे औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, बनवण्याच्या रीतीला होते. मग आपल्या कंपन्यांनी अक्कल लावली ती त्याच औषधाची नवी, स्वस्त रीत शोधण्यावर. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही त्या कामात होती. २००५ साली कायदा बदलला तसे मोठ्या कंपन्या नव्या रेणूंकडेही बघू लागल्या. कुलूप ज्या दाराला, माणसे त्या दाराशी.

वांग्याचे एक वाक्यात सांगून पुढे जातो. महिकोने बीटी वांग्यावर सुमारे दहा वर्षे काम केले, ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारच्या समितीने हिरवा कंदील दिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी स्थगिती दिली. बांगलादेशात तेच तंत्र २०१४ पासून शेतात आहे. ते वांगे चांगले की वाईट, ह्यावर ह्या सभागृहातच दोन मते असतील. असू द्यात. पण 'नाही' म्हणायचे तर पहिल्या वर्षी म्हणा. दहाव्या वर्षी 'नाही' ऐकलेला माणूस दुसरी विहीर खणत नाही, आणि त्याच्याकडे बघून शेजारीही खणत नाही.

आता तो भरवसा. हडपसरला सिरम संस्था आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. आफ्रिकेतल्या गरीब पट्ट्यात मेंदूज्वराची साथ यायची, हजारो माणसे जायची. पाश्चात्य कंपन्यांना त्या लशीत रस नव्हता, कारण गिऱ्हाईक गरीब. मग जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था पुढे आली, गेट्स फाउंडेशनने पैसा दिला, तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आले आणि सिरमला सांगितले की डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. २०१० च्या डिसेंबरात ती लस बुर्किना फासोत टोचायला सुरुवात झाली. नफा पुडीमागे थोडा, पण पैशाची जोखीम दुसऱ्याने वाटून घेतलेली आणि बाजार आधीच दिसत असलेला. तेवढ्यावर काम झाले.

आणि आमचा कांदा? सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के शुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी, ती मे २०२४ पर्यंत. नंतरचे शुल्क जायला एप्रिल २०२५ उजाडला. परदेशी गिऱ्हाइकाला रुचेल असा, सहा महिने टिकेल असा कांदा शोधायला दहा वर्षे लागतात. कुठला शहाणा माणूस त्यात पैसे घालील, जर दिल्लीत कुणाच्या तरी एका सहीने बाजारच बंद होणार असेल? निर्यातबंदीने त्या वर्षाचे नुकसान होते ते आपण पट्टीवर मोजतो. तिने कांद्यातले संशोधन मारले, ते कुठल्या पट्टीवर येत नाही.

सरकार म्हणते, आम्ही सवलती देतो. दिल्या. कंपनीने संशोधनावर शंभर रुपये घातले तर दोनशे रुपयांची करसवलत, असे २०१० पासून होते. २०१७ मध्ये ती दीडशेवर आली, २०२० मध्ये शंभरावर. २०२५ साली एक लाख कोटींची संशोधन योजना जाहीर झाली. एवढे होऊन देशाचा संशोधनावरचा सगळा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांत ६४ पैशांच्या आसपास, आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा जास्त. चीन-अमेरिकेत उद्योगांचा वाटा तीन चतुर्थांशाच्या वर आहे. सवलतीने विहीर थोडी स्वस्त होते. पाणी कुणाच्या रानात जाणार, हे तिने बदलत नाही. ह्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता राहिले ते पीक, ज्याला कुलूप लागतच नाही. ऊस. एक टिपरी शेजाऱ्याच्या बांधावरून आली की वाण आला. कोणती कंपनी उसाचा नवा वाण शोधील? कोणतीही नाही. तरी आपल्या ऊसवाल्यांना वाण मिळाले. को ८६०३२ कोइंबतूरच्या पैदाशीचा, पाडेगावने तपासून १९९६ साली महाराष्ट्राला दिला. पाडेगावचे केंद्र १९३२ सालचे. आणि कारखान्यांनी मिळून १९७५ साली इथे जवळच मांजरीला एक संस्था काढली, तिला आता वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतात. तिचा पैसा येतो कुठून? गाळलेल्या उसावर टनामागे एक रुपया. राज्यात हंगामाला साडेआठशे ते तेराशे लाख टन ऊस गाळला जातो, म्हणजे साडेआठ ते तेरा कोटी रुपये. उसाच्या बिलात त्या रुपयाची कुणाला आठवणही नसते. पाणी सगळ्यांच्याच विहिरीत झिरपणार ना, मग सगळ्यांनी मिळून एक विहीर खणू, असा हा सरळ हिशेब. संस्थेच्या हिशेबाची तपासणी व्हावी असे २०२५ साली सरकारने म्हटले. त्यात राजकारण किती ते सोडा, पण आपला रुपया कुठे गेला हे विचारायचा हक्क आपला आहे, सरकारने विचारायची वाट कशाला बघायची?

द्राक्षवाल्यांचे दुसरे उदाहरण. सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या मळ्यात सोनाका निवडली, तासगावकडे बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश. दोघेही शेतकरी. डोळ्याची काडी गावोगाव गेली, हजारो एकर उभे राहिले. ज्यांनी शोधले त्यांना मान मिळाला, पण काडीमागे पैसा मिळाला असता तर आणखी किती जणांनी बागेत असा शोध घेतला असता, हा विचार मला सतावतो. आता नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने 'आरा' ही परदेशी मालकीची वाणे करार करून आणली. ती लावायची तर मालकाचा हिस्सा द्यावा लागतो. म्हणजे घरच्या सोनाकाला आपण काही दिले नाही आणि बाहेरच्या काडीला देतो आहोत. चूक म्हणत नाही मी. बाजारात भाव मिळत असेल तर द्यावेच. फक्त हे बघताना मान खाली जाते.

म्हणून ठरावाविषयी माझे म्हणणे असे. टोमॅटो, मिरची, कोबी, जिथे दहा कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत, तिथे सरकारला भाव बांधायला बोलावू नका. तिथे पुडी महाग वाटली तर शेजारच्या दुकानात दुसरी आहे. उलट बी खोटे निघाले तर महिन्याच्या आत भरपाई मिळेल असा कायदा मागा. जिथे एकच मालक आहे तिथे भावावर भांडा, जरूर भांडा, पण शून्य मागू नका. परवानगीचा निकाल ठरावीक मुदतीत द्या, होय किंवा नाही, हे ठरावात घाला. आणि कांद्याची निर्यात बंद करणाऱ्या सहीचा निषेध ह्याच ठरावात करा, कारण तीही बियाण्याचीच गोष्ट आहे.

आणि कांद्याच्या बियाण्याचे आपले आपण बघू. कुजबुज ऐकू येते आहे, तरी बोलतो. उद्या पहाटे तुमच्यातले निम्मे लोक इथून खाली मार्केट यार्डात गाड्या लावणार. पट्टीवर हमाली आहे, तोलाई आहे, भाडे आहे. त्याखाली अजून एक ओळ: संशोधन, क्विंटलमागे एक रुपया. शंभर क्विंटलला शंभर रुपये. राज्यात कांदा वर्षाला शंभर लाख टनांच्या आसपास होतो, कधी जास्त, कधी कमी. तो सगळा ह्या हिशेबात आला तर दहा कोटी होतात. सगळा येणार नाही, मला माहीत आहे. एका जिल्ह्याचा आला तरी राजगुरुनगरला जाऊन आपण म्हणू शकतो की आम्हाला चाळीत सहा महिने टिकणारा कांदा हवा, हा घ्या पैसा, हे आमच्या दहा गावांतले प्लॉट, आणि दरवर्षी कोणता वाण किती सडला ते आम्हीच मोजणार. त्या बियाण्याला कुलूप नको, ज्याला हवे त्याने धरावे. कंपनीलाही त्यातून विकायचे असेल तर विकू द्या.

पट्टीवर आणखी एक कपात म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली, ती मला इथून दिसते आहे. बरोबरच आहे. आपल्या नावाने कापलेले पैसे कुठे जातात हे आपण बघितलेले आहे. म्हणून हे सक्तीने नको. ज्याची इच्छा त्याने द्यावे, पावती घ्यावी, आणि हिशेब दरवर्षी ह्याच बैठकीत, ह्याच माईकवरून वाचला जावा. पाच वर्षे करून बघू. चाळीतला कांदा तसाच सडत राहिला तर बंद करू.

दाराजवळच्या टेबलावर मी दोन कागद ठेवले आहेत. एकावर ठरावातला बदललेला मजकूर आहे, दुसरा कोरा आहे, गावाचे नाव आणि किती एकर कांदा एवढे लिहायचे. जेवण झाले की पहिला कागद वाचून दाखवायला सांगतो. ठराव मांडणाऱ्या भावांना आधी बोलू द्यात, मग मत घ्या.